शेवंतीच्या पाठीवरचा नमदा

नमदा म्हणजे काय हे तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, मित्रांनो. घोडा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या पाठीवरची चामड्याची जीनही पाहिली असेल. पण जीन आणि पाठ यांच्या मधे लोकरीचा एक जाड तुकडा घालतात, त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो तुकडा म्हणजे मी. वरून माणसाचे वजन येते, खालून जनावराची ऊब येते, आणि त्या दोघांच्या मधे मी पडून असतो. आता मी जुना झालो आहे. माझ्या कडा झिजल्या आहेत आणि किनाऱ्यावरची वाळू कितीही झटकली तरी माझ्या अंगातून जात नाही.

मी मूळचा घाटावरचा. मेंढ्यांची लोकर पिंजून, भिजवून, दाबून दाबून माझे अंग घट्ट केले होते. तिकडच्या एका बाजारातून महिपतने मला रत्नागिरीला आणले. महिपत लांज्याकडच्या एका वाडीतला. तरुणपणी तो मुंबईला गेला आणि घोड्यांच्या एका तबेल्यात लागला. घोड्यांना खरारा करता करता त्याचे स्वतःचे केस पिकले. गावाकडे परतताना त्याने काय आणावे? एक घोडी! तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिचे नाव शेवंती. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर आलेल्या लोकांना तिच्यावर बसवून फिरवावे आणि बायकोबरोबर सुखाने राहावे, एवढेच त्याच्या मनात होते.

शेवंती आली तेव्हा अगदी रोड होती. मानेच्या मुळाशी घोड्याच्या पाठीला एक उंचवटा असतो. तिचा तो उंचवटा हाडासारखा वर आला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले होते. महिपतजवळची जीन तिला सैल होई. माणूस बसला की ती पुढून खाली जाई आणि नेमकी त्या हाडावर टेके. महिपतने आधी घडी केलेली चादर घालून पाहिली, ती सुरकुतली. मग गोणपाट घातला, तो टोचला. मग स्पंजचा तुकडा आणला, तो वजनाखाली चपटा झाला. शेवटी त्याने मला तिच्या पाठीवर पसरले आणि बराच वेळ नुसता बघत उभा राहिला.

"नुसता जाड घालून भागायचा नाय," तो बायकोला, मैनाला, म्हणाला. "जितं खड्डा हाय तितंच भराव पायजे. आनि कन्यावर काय टेकता नये."

मैनाने मला कापले. दुखले का, असे तुम्ही विचाराल. पण मला त्या दिवशी मी काहीतरी बनत असल्याचा आनंदच वाटला. कण्याच्या रेषेवर तिने मोकळी जागा ठेवली. खांद्यांच्या खळग्यांपुरत्या लोकरीच्या दोन घड्या पुढच्या बाजूला शिवल्या. खालून मऊ सुती अस्तर लावले. मग महिपतने मला शेवंतीवर घातले, वर जीन ठेवली, पोटाखालून जाणारा तंग म्हणजे पट्टा आवळला आणि आपला उघडा तळवा माझ्याखाली सरकवत पुढून मागे नेला. शेवंतीने मान खाली सोडली, ओठ सैल केले आणि एक लांब श्वास टाकला.

"बसला गो!" महिपत म्हणाला. मैना हसली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस होता असे मी म्हणालो असतो, जर पुढे सानवी आली नसती.

सानवी तेव्हा पाचवीत होती. तिचे पाय जन्मापासून ताठ. दोन्ही पोटऱ्यांना प्लास्टिकच्या पट्ट्या बांधलेल्या असत आणि चालताना ती पुढे वॉकर ढकलत येई. तिची आई भार्गवी रत्नागिरीच्या एका कॉलेजात शिकवत असे. घोड्यावर बसल्याने पायांचे स्नायू सैल होतात असे सानवीला व्यायाम देणाऱ्या बाईंनी सांगितले होते, म्हणून भार्गवी तिला किनाऱ्यावर घेऊन आली. पहिल्या दिवशी सानवी इतकी घाबरली होती, की तिचे गुडघे एकमेकांपासून सुटेनात. महिपतने तिला उचलून बसवले आणि लगाम धरून तो अगदी सावकाश चालू लागला. सुरूच्या बनापर्यंत जाऊन परत येईपर्यंत माझ्या वर काहीतरी बदलत गेले. काड्यांसारखे ताठ असलेले ते दोन पाय हळूहळू जीनच्या दोन्ही बाजूंना लोंबू लागले.

"आई, मी किती उंच आहे बघ!" ती ओरडली. "मला तुझा भांग दिसतोय!"

भार्गवीने तोंड फिरवले. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

त्यानंतर सानवी नेमाने येऊ लागली. वॉकरची खडखड पुलाकडून ऐकू आली, की शेवंती मान वर करी आणि कान पुढे टाकी. सानवी तिच्या नाकपुडीवर गाल टेकवून काहीबाही सांगे. शाळेत कोण काय बोलले, कोणी तिला खेळात घेतले नाही, हे ती आईला सांगत नसे, शेवंतीला सांगे. मी ते सगळे ऐकले आहे. एका हिवाळ्यात ती वॉकर सोडून, महिपतचे एक बोट धरून वाळूत चालली. भाट्याच्या किनाऱ्यावर त्या दिवशी नारळपाणी विकणाऱ्यानेही टाळ्या वाजवल्या.

मग पावसाळा आला. कोकणातल्या पावसात किनाऱ्यावर घोडा फिरवता येत नाही. शेवंती महिपतच्या घराच्या पडवीत उभी राहिली, हिरवे गवत खात राहिली. मी खुंटीवर होतो. पाऊस सरल्यावर महिपतने मला पुन्हा तिच्या पाठीवर घातले, तेव्हा मला ती पाठ ओळखूच आली नाही. खळगे भरले होते. खांदे गोल झाले होते. शेवंती सुदृढ झाली होती, आणि सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते.

पण मित्रांनो, माझ्या पुढच्या बाजूच्या त्या घड्या खळग्यांसाठी होत्या, आणि खळगे आता उरले नव्हते. जीनही तीच होती, अरुंद. ती खाली बसेना. पाठीवर उंच राही आणि सानवी डावीकडे झुकली की तीही डावीकडे घसरे. भरल्या पाठीवर आता कमी भराव हवा होता, आणि खरे तर मोठी जीन हवी होती. हे मला आतून कळत होते. पण नमद्याला तोंड नसते.

महिपतला वाटले, मी दबून पातळ झालो. भार्गवीला वाटले, मुलगी घसरते आहे म्हणजे गादी कमी पडते आहे. दोघांचेही मन स्वच्छ होते, हे मी तुम्हांला शपथेवर सांगतो. भार्गवीने मोबाइलवर शोधून शोधून एक निळा, जाडजूड, मऊ पॅड मागवला. तो कुरिअरने आला तेव्हा सानवीने त्याच्यावर गाल घासला.

"मामा, हा शेवंतीला खूप मऊ लागेल ना?" तिने विचारले.

"लागंल तर! गादीवर झोपल्यावानी वाटंल तिला," महिपत म्हणाला.

तो पॅड माझ्यावर घातला गेला. त्यावर जीन. आणि मग महिपतने तंग आवळला, नेहमीपेक्षा जास्त, कारण एवढा जाड थर घसरू नये म्हणून तो जास्त आवळावाच लागत होता. जीनच्या आतल्या लाकडाच्या दोन कडा मला पुढून चिमट्यात धरल्यासारख्या दाबू लागल्या. माझ्याखाली शेवंतीची कातडी थरथरली.

सानवी मात्र त्या दिवशी इतकी ताठ आणि सुंदर बसली, की भार्गवीने फोटो काढून साऱ्या नातेवाइकांना पाठवले.

पुढचे दिवस मला आठवू नयेत असे वाटते. फेरी संपल्यावर माझे अंग घामाने ओले होई, पण उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना दोन ठिपके कोरडे राहत. महिपत ते बघे आणि म्हणे, "बरा झाला, तितं घासत नाय." त्याला ठाऊक नव्हते, की जिथे फार दाब पडतो तिथे घामही बाहेर येऊ शकत नाही. शेवंती तंग आवळताना कान मागे टाकू लागली. वाळूत पाऊल आखडते घेऊ लागली. आळस आला असेल, असे सगळे म्हणाले. वय झाले असेल, असेही म्हणाले. कोणीतरी आणखी एक घडी घालायला सुचवले आणि तीही घातली गेली.

एका संध्याकाळी महिपत सानवीला उचलून जीनवर ठेवत होता. शेवंतीने एकदम मान वळवली आणि दात विचकून तिच्याकडे झेप घेतली. दात सानवीच्या बाहीला घासून गेले. भार्गवी किंचाळली. महिपतने सानवीला खाली टेकवले आणि शेवंतीच्या मानेवर जोरात हात मारला. इतक्या वर्षांत त्याने तिला कधी बोटही लावले नव्हते.

"मारू नका!" सानवी ओरडली. "मामा, मारू नका तिला! ती उगाच नाही करणार. काहीतरी होतंय तिला. काढा ते सगळं, आधी काढा!"

महिपतने जीन काढली. निळा पॅड काढला. मग मला उचलले. बाहेरून तसे काही दिसत नव्हते. सानवी वॉकरला रेलून पुढे झाली आणि तिने हात लांब केला. उंचवट्याच्या बाजूला तिची बोटे टेकताच शेवंतीचे सारे अंग आखडले.

"गरम आहे," सानवी हळूच म्हणाली. "आणि सुजलंय. आई, हात लाव ना इथे."

जनावरांची डॉक्टरीण आली. तेजस्वी तिचे नाव, नुकतीच शिकून आलेली. तिने सूज तपासली, मग जीन उलटी करून तिच्या आतली रुंदी शेवंतीच्या उघड्या पाठीशी लावून पाहिली.

"आत पू झालाय," ती म्हणाली. "चिरा देऊन काढावा लागेल. जीन हिला लहान होते हो. आणि लहान जीनखाली जाड गादी घातली, की ती आणखी लहान होते."

महिपतला ते पटकन समजेना. पण सानवीला समजले.

"माझे बूट लहान झाले होते तेव्हा आईने मला दोन मोजे घातले होते," ती म्हणाली. "म्हणजे टोचू नये म्हणून. मी शाळेत दिवसभर रडत होते." मग तिने शेवंतीकडे पाहिले. "मला बोलता तरी येत होतं."

"मी मारला गो तिला," एवढेच महिपत पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

जखम चिघळली. रोज धुवावी लागे, आणि शेवंती दावणीला अंग टाकून ओरडे. मैना तिला धरून ठेवता ठेवता रडे. हळूहळू जखम भरत आली. अशा जागी पुन्हा केस आले तरी ते पांढरेच येतात, असे डॉक्टरीण म्हणाली होती. पण आणखी एक गोष्ट तुटली होती, मित्रांनो, आणि तिच्यावर कोणाकडे मलम नव्हते. वॉकरची खडखड ऐकली, की शेवंती आता मान वर करीत नसे. ती कान पार मागे पाडी आणि भिंतीकडे तोंड करी.

पहिल्यांदा हे झाले तेव्हा सानवी दारातच थांबली. दुसऱ्या दिवशी तिने वॉकर बाहेर ठेवला आणि भिंत धरून, पडत झडत आत आली. तरीही शेवंतीने तिला ओळखले आणि तोंड फिरवले. सानवी खाली बसली. तिच्या हातातली काकडी तशीच राहिली.

"तिला वाटतं मी म्हणजे दुखणं," ती म्हणाली.

"तसा नाय गो बाय. जनावर हाय. इसरंल हळूहळू," महिपत म्हणाला.

शेवंती विसरली नाही. सानवी रोज येऊन लांब बसत असे आणि शेवंती भिंतीकडे पाहत असे.

मोठी जीन करून घेऊ, असे भार्गवीने ठरवले. पाठीचे माप घेऊन, नीट बेताने. डॉक्टरीण म्हणाली होती, की बरोबर मापाची जीन आणि पातळ नमदा असला तर कदाचित, पुढे कधीतरी, बघता येईल. त्या 'कदाचित'ला भार्गवीने घट्ट धरले होते, कारण घोड्यावर बसणे थांबल्यापासून सानवीचे पाय पुन्हा आखडू लागले होते. महिपतचे बोट धरून चालणे तर केव्हाच बंद झाले होते.

"नको," सानवी म्हणाली.

"अगो, यावेळी नीट मापाची करू. डॉक्टर स्वतः बघणार आहेत."

"तंग नुसता वाजला तरी ती थरथर कापते, आई. तू बघितलं नाहीस. मी बघितलंय."

"आणि तुझे पाय?" भार्गवीचा आवाज चढला. "तुझ्या पायांचं काय, सानवी? तू चालली होतीस! माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी!"

सानवीने आपल्या पायांवरच्या पट्ट्यांकडे पाहिले.

"मला पण चालायचंय," ती म्हणाली. "पण तिच्या पाठीवरून नको."

भार्गवीने तिला जवळ घेतले आणि दोघी कितीतरी वेळ रडल्या. मी कोपऱ्यात पडलो होतो. त्या क्षणी मला वाटले, मी लोकर नसून दगड असतो तर बरे झाले असते.

महिपतची बहीण लांज्याजवळच्या वाडीत राहत होती. तिच्याकडे मोकळे गवताळ रान होते. शेवंतीला तिकडे सोडायचे ठरले. ना जीन, ना लगाम, नुसते चरायचे. टेम्पो आला त्या दिवशी सानवी आईच्या कडेवर बसून आली. वॉकर तिने घरीच ठेवला होता. शेवंतीला फळीवरून आत चढवले. सानवीने हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. शेवंतीने एकदा त्या हाताकडे पाहिले. मित्रांनो, गोष्टींत अशा वेळी घोडी येते आणि तळव्यावर नाक टेकते. शेवंती आली नाही. टेम्पो चढण चढून दिसेनासा झाला तरी सानवीचा हात पुढेच होता. भार्गवीने तो हळूच खाली घेतला.

महिपतने निळा पॅड जाळला. मला तो देऊन टाकणार होता, पण सानवीने मला मागून घेतले. तेव्हापासून मी तिच्या खोलीत राहू लागलो.

पाऊस संपला की आपण शेवंतीला भेटायला जाऊ, असे भार्गवीने तिला वचन दिले होते. घाई करायची नाही, लांबूनच बघायचे, असे सानवीने स्वतःच ठरवले होते. भाद्रपदात लांज्याहून महिपतचा फोन आला. शेवंतीच्या पोटात कळा उठल्या होत्या. डॉक्टरला बोलावले, पण ती आडवी झाली ती उठली नाही. महिपत सगळा वेळ तिच्याजवळ बसला होता.

सानवीने फोन कानाला धरला होता. ती रडली नाही. तिने फक्त विचारले, "मामा, जखमेच्या जागी परत केस आले होते का?"



"आले होते गो बाय," महिपत म्हणाला. "पन पांढरे."

त्या रात्री ती मला उशाशी घेऊन झोपली. मी किती तरी घाम शोषला आहे, पण त्या रात्रीसारखा मी कधी भिजलो नव्हतो.

आता थोडेच सांगायचे आहे. मध्यंतरी रामा नावाचा माणूस सानवीच्या दारात आला. त्याने भाट्याला फिरवायला एक लहानसे तट्टू घेतले होते. तुमच्याकडे जुना नमदा आहे असे महिपतने सांगितले, तो द्याल का, असे तो विचारू लागला. भार्गवी मला आणायला वळली.

"आई, थांब." सानवी वॉकर ढकलत पुढे आली. "रामाकाका, तट्टू कुठाय?"

"तट्टू कशाला, बाय? नमदाच न्यायचा हाय."

"आधी तट्टू आणा. जीन पण आणा. पाठ बघितल्याशिवाय मी देणार नाही."

रामाला हसू आले, पण तो तट्टू घेऊन आला. रोड, खळगे पडलेले, बिचारे. सानवीने आधी उघड्या पाठीवरून हात फिरवला. मग मला घालायला लावले. माझी पुढची बाजू वर उचलून कण्यावर हवा खेळेल अशी जागा करायला लावली. जीन ठेवली, तंग आवळला.

"हा चालेल," ती म्हणाली. "आत्तापुरता. पण हे जाड झालं की परत घेऊन या. पाठ बदलते, काका. दर थोड्या दिवसांनी बघायचं. आणि त्याने कान मागे टाकले तर मारायचं नाही, जीन काढून बघायचं."

"व्हय," रामा म्हणाला. तो आता हसत नव्हता.

मित्रांनो, तुमच्याही घरी मुके कोणी असेल. कुत्रा असेल, गाय असेल, नाहीतर दुखते हे सांगता न येणारे एखादे माणूस असेल. त्यांच्यासाठी काही मऊ, महागडे, सुंदर आणायच्या आधी एकदा हात लावून बघा, काय टोचते आहे ते. आमच्या घरात सगळ्यांचे शेवंतीवर प्रेम होते. त्या प्रेमाखालीच ती दबली.

रामा निघायला लागला, तरी सानवी बाजूला झाली नाही. तिचा तळवा अजून माझ्याखाली होता, त्या अनोळखी पाठीवर, उंचवट्याच्या अगदी जवळ. तट्टू शांत उभे होते. रामाने लगाम हातात घेतला, पण ओढला नाही. तो हात आपणहून निघेपर्यंत तो तसाच थांबून राहिला.